वाचकांचे प्रश्न : ‘मड’मध्ये नवा खेळाडू येतो तेव्हा

या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. ज्या ऑनलाइन खेळांत चित्र नसते, सगळे जग मजकुरातून उभे राहते आणि खेळाडू आज्ञा टाइप करून त्यात वावरतात, त्यांना खेळणारे ‘मड’ म्हणतात. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ यांनी असा पहिला खेळ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला, आणि तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे. आर्डवुल्फ हा मड १९९६ पासून आणि अकेआ हा १९९७ पासून सुरू असून आजही तेथे रोज माणसे भेटतात. मात्र हे खेळ जाहिरातींवर तगत नाहीत. जुन्या खेळाडूंनी नव्यांना थांबवून घेतले तरच ते चालतात, आणि आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख नेमका तेथेच आहे.

प्रश्न : मी काही वर्षे एका मडमध्ये खेळतो आहे आणि अलीकडेच तेथे मला मदतनीस म्हणून नेमले आहे. नवे खेळाडू येतात, पाच-दहा मिनिटे फिरतात आणि पुन्हा कधीच दिसत नाहीत. मी प्रत्येकाला सविस्तर स्वागतसंदेश पाठवतो, सूचनांची पाने कोठे आहेत ते सांगतो, शिवाय चांगली तलवार आणि सोन्याची नाणीही देतो. तरीही कोणी थांबत नाही. आणखी काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आणखी काही करण्यापेक्षा आपण जे करता त्यातले बरेचसे कमी करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या खेळाडूच्या पडद्यावर त्या क्षणी काय चालले असते, ते आधी डोळ्यांपुढे आणावे. तो ज्या चौकात उभा आहे त्याचे वर्णन, शेजारून जाणाऱ्या पात्रांच्या ओळी, सार्वजनिक चॅनेलवरच्या गप्पा आणि कोठेतरी चाललेल्या लढाईच्या बातम्या हे सारे एकाच खिडकीत खालून वर सरकत असते, आणि त्यातच आपला वीस ओळींचा संदेश येऊन पडतो. तो वाचून होण्यापूर्वीच वर निघून जातो. शिवाय तो माणूस उलट काही बोलत नाही याचा अर्थ त्याला बोलायचे नाही असा नसतो, कारण खासगी संदेशाला उत्तर कसे द्यायचे हेच अनेकदा त्याला ठाऊक नसते. म्हणून पहिला संदेश दोन ओळींचा असावा आणि त्यातली एक ओळ ‘मला उत्तर द्यायचे असल्यास रिप्लाय हा शब्द लिहून पुढे आपले म्हणणे लिहा’ अशा अर्थाची असावी. खेळानुसार तो शब्द वेगळा असेल, पण ही ओळ नसेल तर बाकीचा संदेश कितीही आपुलकीचा असला तरी संवाद सुरूच होत नाही.

दुसऱ्या ओळीत एकच प्रश्न असावा, आणि तो म्हणजे हा त्याचा पहिलाच मड आहे की त्याने पूर्वी दुसरीकडे खेळलेले आहे. या एका उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते. १९८९ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लार्स पेन्शो यांनी लिहिलेल्या एलपीमडपासून एक मोठे घराणे निघाले, तर कोपनहेगन विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी लिहून १९९१ मध्ये खुल्या केलेल्या डिकूमडपासून दुसरे. या दोन घराण्यांतल्या खेळांच्या आज्ञा, लढाईची रीत आणि मृत्यूचे नियम यांत पुष्कळ फरक आढळतो. एका घराण्यात दहा वर्षे काढलेला खेळाडू दुसऱ्यात आला, तर त्याला ‘उत्तरेकडे जाण्यासाठी एन लिहा’ हे सांगणे म्हणजे त्याचा अपमान करण्यासारखे होते. त्याला फक्त फरक हवे असतात. याउलट जो पहिल्यांदाच आला आहे त्याच्यापुढे रिकाम्या ओळीत लुकलुकणारा कर्सर असतो आणि येथे काय लिहिले असता काय घडेल याची त्याला काहीच कल्पना नसते. त्याला एक आज्ञा सांगावी, ती त्याने वापरून पाहिली की पुढची सांगावी. ‘लुक’ लिहिल्यावर चौकाचे वर्णन पुन्हा येते, त्या वर्णनात विहिरीचा उल्लेख आहे, तेव्हा ‘लुक’च्या पुढे विहीर लिहून पाहा, एवढ्याने त्याला कळते की या जगातल्या शब्दांना हात लावता येतो. हे ज्याला एकदा स्वतःच्या बोटांनी कळले तो सहसा लगेच उठून जात नाही.

तलवार आणि नाणी देणे थांबवावे. आपली भावना चांगली आहे, यात शंका नाही. परंतु सुरुवातीच्या पायऱ्यांवर फुटका कंदील मिळवणे, पहिला उंदीर मारणे आणि पहिली चार नाणी जमवणे यातच त्या पायऱ्यांचा सगळा रस असतो, आणि आपण देणगी देऊन तो रस काढून घेतो. शिवाय तलवार हातात कशी धरायची ही आज्ञा त्याला अजून आलेली नसते, म्हणजे ती वस्तू त्याच्या पिशवीत नुसती पडून राहते. कंदील कोठे मिळतो ते सांगावे आणि आणायला त्यालाच पाठवावे. तो रस्ता चुकला तर पुन्हा विचारील, आणि त्याने स्वतः होऊन विचारलेला प्रश्न ही स्वागत लागू पडत असल्याची खूण आहे.

मदत सढळ हाताने करण्याचा प्रसंग वेगळाच आहे, तो म्हणजे पहिला मृत्यू. डिकू घराण्यातल्या अनेक खेळांत पात्र मेले की त्याचे सारे सामान प्रेताजवळच राहते आणि खेळाडू रिकाम्या हाताने मंदिरात किंवा तशाच एखाद्या ठिकाणी जागा होतो. जुन्या खेळाडूला यात विशेष काही वाटत नाही. नव्याला मात्र दोन तासांची कमाई गेली असे वाटते, ती परत मिळू शकते हे त्याला माहीत नसते, आणि ठरावीक वेळाने प्रेत नाहीसे होते हेही माहीत नसते. येथे आपण त्याच्याबरोबर चालत जावे, वाटेतला शत्रू अडवून धरावा, पण प्रेतातून सामान काढण्याची आज्ञा त्यालाच लिहू द्यावी. त्यानंतर त्या शत्रूशी लढण्यापूर्वी त्याची ताकद अजमावण्याची आज्ञा, जिला अनेक खेळांत ‘कन्सिडर’ म्हणतात, ती शिकवावी. नुकताच मार खाल्लेला माणूस ती आज्ञा विसरत नाही.

बार्टल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मडमधील खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते : गुण आणि पातळ्या कमावणारे, जग धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि इतर खेळाडूंवर मात करण्यात आनंद मानणारे. मदतनिसाने ही विभागणी मनात ठेवावी, कारण आपण स्वतः ज्या प्रकारचे खेळाडू असतो त्याच प्रकारचे स्वागत आपण करत राहतो. कमावणारा मदतनीस प्रत्येक नव्याला लवकर पातळी वाढवण्याचा मार्ग सांगतो, आणि ज्याला जुन्या पुलाखालच्या गुहेत काय आहे एवढेच पाहायचे होते तो कंटाळून जातो. मात्र कोणालाही दहा मिनिटांत या चारपैकी एका खणात बसवू नये. तो कशाविषयी विचारतो तेवढे ऐकावे आणि त्या दिशेने एक वाट दाखवावी. आपल्या खेळात खेळाडू खेळाडूला मारू शकत असेल, तर मात्र ते पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे, कारण अनोळखी हातून अकस्मात आलेला मृत्यू नव्या माणसाला विश्वासघातासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट आपल्या वेळेसंबंधी. इंग्रजी मडमधील गर्दी बहुतांशी अमेरिकेच्या संध्याकाळी असते. न्यू यॉर्कमध्ये हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणजे आपण रात्री नऊ-दहाला खेळायला बसता तेव्हा तिकडे दिवस असतो, लोक कामावर असतात, आणि ‘हू’ लिहून हजर खेळाडूंची यादी मागवणाऱ्या नव्या माणसाला ती तोकडी दिसून खेळ मोडकळीला आला आहे असे वाटू शकते. त्या वेळी हजर असलेला सांगलीचा मदतनीस खेळासाठी फार मोलाचा आहे. गर्दी केव्हा असते ते नव्याला सांगावे, आणि खेळात टपालाची सोय असल्यास तो निघून गेल्यावर त्याच्यासाठी चार शब्द ठेवावेत. तेही त्याने जे केले त्याविषयी असावेत, कारण सर्वांना जाणारा ठरीव मजकूर लगेच ओळखू येतो.

प्रश्न : आमच्या खेळात लढाईला महत्त्व नाही, सगळे जण आपापल्या पात्राच्या वतीने लिहून एकत्र दृश्य रंगवतात. नवे लोक एक तर कोपऱ्यात गप्प उभे राहतात किंवा आल्या आल्या राजवाड्याला आग लावतात. दोन्ही प्रकारच्या माणसांना सामावून कसे घ्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गप्प उभ्या राहणाऱ्यांची चिंता आधी करावी, कारण त्यांची संख्या अधिक असते आणि ते तक्रार न करता निघून जातात. भूमिका-खेळात जुने खेळाडू सुंदर, लांबलचक परिच्छेद लिहितात, आणि नव्याला त्यात शिरायला फटच सापडत नाही. म्हणून नवा खेळाडू दृश्यात आला की पुढचे लेखन त्याच्या हाती काहीतरी देऊन थांबले पाहिजे. समजा, पावसात भिजलेला एक प्रवासी सराईत शिरला आणि सराईच्या मालकिणीचे पात्र आपले आहे. ‘मालकीण त्याच्याकडे पाहून मान डोलावते आणि पुन्हा हिशेबात गढून जाते’ असे आपण लिहिले, तर वाक्य वाईट नाही, परंतु प्रवाशाला करण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी ‘मालकीण कंदील वर धरून विचारते, “घाटातून आलात ना? तिकडचा पूल अजून उभा आहे का?”’ असे लिहावे. आता पूल उभा आहे की वाहून गेला हे ठरवण्याचा अधिकार त्या नव्या माणसाकडे गेला. त्याने एका ओळीत ‘पूल गेला’ एवढेच लिहिले तरी सराईतल्या सगळ्या पात्रांना त्यावर बोलावे लागेल, आणि पहिल्याच संध्याकाळी त्या जगात त्याच्यामुळे काहीतरी घडलेले असेल. माझ्या दृष्टीने याहून चांगले स्वागत नाही.

यासाठी दृश्य लहान असावे. सहा-सात जण आळीपाळीने लिहीत असतील तर एकेकाची पाळी यायला अर्धा तास लागतो, आणि नव्याला वाटते की आपल्याला विसरले आहेत. त्याच्यासाठी एक किंवा दोन अनुभवी पात्रे पुरेत. आपल्या जगाचा पंधरा-वीस वर्षांचा इतिहासही त्याला वाचायला लावू नये. गावाचे नाव काय, सध्या सगळ्यांना कशाची काळजी लागली आहे, आणि त्याच्या पात्रासारख्या माणसाकडे लोक कसे पाहतात, या तीन गोष्टी कळल्या की त्याला लिहिता येते. बाकीचा इतिहास पात्रांच्या बोलण्यातून यावा.

राजवाडा पेटवणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो. त्याने असा खेळ आधी पाहिलेला नसतो, आणि आपले अस्तित्व जाणवून देण्याचा तेवढाच मार्ग त्याला सुचलेला असतो. त्याला सर्वांसमोर बोल लावू नये. पात्रांच्या बाहेरचे बोलणे वेगळे ठेवण्याची सोय प्रत्येक चांगल्या खेळात असते, ती वापरून एकट्याला सांगावे की येथे दुसऱ्याच्या पात्राने काय केले ते आपण लिहायचे नसते, आपण फक्त प्रयत्न लिहायचा आणि परिणाम समोरच्यावर सोपवायचा. म्हणजे ‘मी पहारेकऱ्याला पाडतो’ असे न लिहिता ‘मी पहारेकऱ्यावर धावून जातो’ असे लिहायचे. त्याचप्रमाणे खेळाडू म्हणून जे आपल्याला कळले ते आपल्या पात्राला कळलेले नसते, हेही सांगावे. एवढे सांगून झाल्यावर मात्र त्याच्या पात्राला जागा द्यावी. आग विझवून, त्याला कोतवालासमोर उभे करून, ‘कोणाच्या सांगण्यावरून केलेस?’ असे विचारले तर त्याच आततायीपणातून कथानकाला पुढचा धागा मिळतो. दोनदा सांगूनही ऐकले नाही, तर संचालकांना कळवावे. सगळ्यांचा संयम एका माणसापायी संपू देऊ नये.

प्रश्न : मी दृष्टिहीन विद्यार्थी आहे आणि एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम (पडदावाचक) वापरतो. मडमध्ये चित्रे नसल्याने ते मला सहज खेळता येतील असे ऐकले होते. पण सुरुवातीच्या पडद्यावरचे चिन्हांचे चित्र आणि नकाशा ऐकूनच मी हैराण झालो. मदत मागितली तर ‘लाल अक्षरांतली ओळ वाचा’ असे सांगतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण हैराण झालात यात आपला काही दोष नाही. अक्षरे आणि चिन्हे जुळवून काढलेला किल्ला डोळ्यांना चांगला दिसतो, पण पडदावाचकाला तो केवळ तिरक्या रेषांचा ढीग असतो. बऱ्याच खेळांत नकाशा बंद करण्याची आणि वर्णने आटोपशीर करण्याची सोय असते, काहींत तर पात्र तयार करतानाच पडदावाचक वापरता का असे विचारतात. आपल्या खेळात हे कोठे असते ते न्यूबी चॅनेलवर, म्हणजे नव्या खेळाडूंसाठीच्या चॅनेलवर, थेट विचारावे. ऑल्टर ईऑन हा खेळ दृष्टिहीन खेळाडूंमध्ये विशेष परिचित आहे, त्यामुळे तेथे आपली अडचण पहिल्यापासून समजावून सांगावी लागणार नाही. खेळाशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमपैकी मडलेट आणि मशक्लायंट हे दोन्ही पडदावाचकासह वापरणारे पुष्कळ जण आहेत, आणि त्यांत लढाईतल्या पुनरुक्तीच्या ओळी गाळून टाकता येतात.

जे वाचक मदतनीस आहेत त्यांना येथे एक विनंती आहे. नव्याला वाट सांगताना रंग, नकाशा, ‘वरच्या कोपऱ्यात’ असले शब्द वापरू नयेत. ‘चौकातून दोनदा उत्तरेला, मग एकदा पूर्वेला, तेथे लोहाराचे दुकान’ असे सांगितले की ते डोळस खेळाडूलाही तितकेच उपयोगी पडते, आणि समोरचा कसा वाचतो आहे हे विचारण्याची गरजही उरत नाही.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी असा खेळ खेळते. तेथे अनोळखी मोठी माणसे तिला मदत करतात, खेळातल्या वस्तू भेट देतात. हे खरोखर स्वागत आहे की आणखी काही, हे आई म्हणून मी कसे ओळखावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली शंका योग्य आहे आणि ती मुलीपासून लपवू नये. चांगला मदतनीस शक्यतो सार्वजनिक चॅनेलवर बोलतो, मदत खेळापुरती ठेवतो, आणि नको असलेल्या माणसाचे संदेश बंद करण्याची व संचालकांना कळवण्याची आज्ञा आपणहून शिकवतो. जो वय, शाळा, गाव किंवा छायाचित्र मागतो, खेळ सोडून व्हॉट्सअ‍ॅप किंवा तत्सम ठिकाणी बोलू म्हणतो, भेट दिलेल्या वस्तूच्या बदल्यात काही अपेक्षा धरतो किंवा ‘हे घरी सांगू नकोस’ म्हणतो, तो स्वागत करत नाही. यातली एक गोष्ट जरी आढळली तरी संभाषणाची नोंद जपून ठेवावी (बहुतेक प्रोग्रॅम ती आपोआप ठेवतात किंवा ठेवायला सांगता येते) आणि संचालकांना कळवावे. गरज वाटल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर बोलावे. मुलीचे खेळणे लगेच बंद केले तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, म्हणून तिच्या शेजारी बसून एक संध्याकाळ खेळ पाहावा.

एक तांत्रिक सूचना सर्वांसाठी आहे. अनेक जुने मड टेलनेट पद्धतीने जोडले जातात आणि त्या जोडणीत संकेतशब्द उघडाच जातो. त्यामुळे तो ईमेल किंवा बँकेचा कधीही नसावा, आणि खेळाने सुरक्षित जोडणी दिली असेल तर तीच निवडावी. नव्या खेळाडूला हे पहिल्या दिवशी सांगणारे मदतनीस मला फार थोडे दिसतात.

प्रश्न : आम्ही काही मित्र मराठी मड तयार करत आहोत. नव्याला पहिल्या पडद्यावर काय दाखवावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : मनापासून आनंद झाला. पायथनमध्ये लिहिलेली इव्हेनिया ही मुक्त प्रणाली युनिकोड सांभाळते, त्यामुळे देवनागरीची मूळ अडचण सुटलेली आहे. जोडाक्षरांमुळे ओळींची रुंदी मात्र जुळत नाही, तेव्हा चौकटी आणि रकाने टाळावेत. पहिल्या पडद्यावर एक छोटे वर्णन, त्यात हात लावता येईल अशी एक वस्तू आणि करून पाहण्यासारखी एक आज्ञा एवढे पुरे.

आज्ञांचा क्रम मात्र आधी विचारात घ्यावा. इंग्रजी मडमध्ये क्रियापद आधी येते, तर मराठी माणूस सहजपणे ‘कंदील उचल’ असे लिहील, आणि कोणी ‘कंदील उचला’ किंवा ‘कंदील घे’ असेही लिहील. ही सगळी रूपे खेळाला समजली पाहिजेत, कारण आपल्याच भाषेत केलेली आज्ञा समजली नाही असे उत्तर मिळाले तर नवा माणूस दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांचीही सोय ठेवावी. परदेशातल्या मराठी खेळाडूंपैकी अनेकांच्या संगणकावर देवनागरी कळफलक नसतो. खेळ उघडल्यावर न समजलेली प्रत्येक आज्ञा नोंदवून ठेवण्याची व्यवस्था करावी, ते नोंदले जाते हे खेळाडूंना सांगावे, आणि दर आठवड्याला ती यादी एकत्र बसून वाचावी. नवे लोक कोठे अडखळतात हे तीत त्यांच्याच शब्दांत लिहिलेले असेल.